खाणीचे पाणी आणि ग्वाल्हेरच्या गोगलगायी

ग्वाल्हेरहून परत येऊन महिना झाला, तरी भेटेल तो पहिल्यांदा किल्ल्याचेच विचारतो. किल्ला मी पाहिला. टांग्यात बसून, खालून, मान वर करून, दोनएक मिनिटे. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना हे खरे खरे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "मग इतक्या लांब जाऊन पाहिलंत तरी काय?" मी म्हटले, "गोगलगायी." त्यांनी चष्मा परत घातला आणि विषय बदलला. ज्यांना विषय बदलायचा नाही अशांसाठी हे लिहिते आहे.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. कॉलेजात असताना आमच्या प्राध्यापकांनी मला गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले यांचा नाद लावला, तो काही सुटला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, ग्वाल्हेरला निघाले आहे हे कळताच ते घरी आले आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत मुद्द्यावर आले. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला डोंगरात लोखंडाच्या जुन्या खाणी आहेत, कधीच्याच बंद पडलेल्या. त्यांच्या खड्ड्यांत पाणी साठते. उकरून टाकलेल्या दगडमातीतले क्षार पावसाबरोबर त्या पाण्यात उतरतात. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात, आणि असे वर्षानुवर्षे चालते. असे पाणी किती खारे झाले म्हणजे त्यात गोगलगायी आणि शिंपले जगेनासे होतात, हे त्यांना पाहायचे होते. "निबंधात तुझं नाव येईल," एवढेही ते जाताजाता म्हणाले. मी ते वाक्य स्टेशनपर्यंत मनात घोळवत होते.

बायकांच्या डब्यात

प्रवासाचे सांगण्यासारखे एकच आहे. माझ्याजवळ कपड्यांच्या ट्रंकेखेरीज एक लाकडी पेटी होती. तिच्यात बरण्या, गाळणी, काचेच्या नळ्या आणि चांदीच्या क्षाराची एक बाटली. खाऱ्या पाण्यात हे औषध थेंबथेंब टाकले की पाणी दुधाळ होते आणि किती खारे ते मोजता येते. पेटीवर मी 'कृपया बसू नये' असे लिहिले होते. भुसावळला चढलेल्या एका प्रशस्त बाईंना वाचता येत होते, कारण त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि मग बसल्या. आतून कट्ट असा आवाज आला.

बाटली फुटली. पुसायला गेले तर माझी बोटे काळी झाली, बाईंच्या लुगड्याचा काठ काळा झाला, आणि झाशीपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना दोष देत, मग एकमेकींचे लाडू खात गेलो. त्या चांगल्या होत्या. पण पाणी मोजायचे माझे साधन संपले होते.

माधवगंज

"अग बाई, हात कशानं काळे केलेस?" स्टेशनवर अक्काचा पहिला प्रश्न.

"चांदीनं," मी म्हटले.

"आल्या आल्या मजाक सुरू! मी तर सकाळपासून तुझी वाट पाहून राहिले. चल, टांगा उभा आहे."

अक्का बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली तेव्हा सदाशिव पेठेतले चोख मराठी बोलत असे. आता वाक्य मराठीत निघते आणि वाटेत हिंदीत थांबून पाणी पिऊन येते. भावोजी तर इथेच जन्मलेले. त्यांचे पणजोबा सरदारांबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. भावोजी दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसीअर आहेत, मनाने उमदे, आवाजाने मोठे. मला ते 'प्रोफेसरीणबाई' म्हणतात.

माधवगंजातले त्यांचे घर लहानसे, पण खाण्याच्या बाबतीत त्याला अंत नाही. सकाळी पोहे झाले की मी ताट सारले, तर अक्का म्हणाली, "हे तर फक्त तोंड धुतल्यावरचं. नाश्ता अजून आहे." मग नई सडकेवरून बेडई आली, म्हणजे डाळीचे पुरण भरलेली फुगीर पुरी, बरोबर बटाट्याचा झणझणीत रस्सा आणि जिलबी. पुण्यात पाहुण्याला 'अजून वाढू का' असे विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर अक्काची आवळासुपारी. हिवाळ्यात आवळे उकडून, किसून, आले-मीठ लावून ती उन्हात वाळवते आणि वर्षभर पुरवते. या घरात ज्याच्या त्याच्या गालात ती असते. भावोजी तर कचेरीतही डबी घेऊन जातात. इथल्या उन्हात तोंड कोरडे पडू नये म्हणून मलाही एक डबी मिळाली, आणि दोन दिवसांत मलाही सवय लागली.

दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या कैऱ्या आल्या. अक्का विळी घेईल म्हणून मी पाहत होते, तर तिने फडताळातून एक शिंपला काढला. मधोमध पाट्यावर घासून पाडलेले भोक, त्याच्या कडेला धार. त्या भोकाने ती सरसर कैरी सोलू लागली. पातळ साली लांबच लांब उतरत होत्या. "लोखंड लागलं की कैरी काळी पडते. इकडे सगळ्या बायका सीपीनंच सोलतात," ती म्हणाली. मी तो शिंपला हातात घेतला आणि मला कैऱ्यांचा विसरच पडला. तळव्याएवढा, जाड, आतून मोत्यासारखा चमकणारा, गोड्या पाण्यातला. मी विचारले, हा कुठून आणलास?

"घसीटे देतो. बघ ना, तो काय बसला आहे."

अंगणात कडुनिंबाखाली एक साठीचा, काटक, काळासावळा माणूस बसला होता. घसीटे जातीचा ढीमर, म्हणजे आपल्याकडचा भोई. डोंगरापलीकडच्या एका तळ्यात शिंगाडे लावतो. अक्काला उपासाचे शिंगाड्याचे पीठ आणि सीपी तोच आणून देतो. त्या दिवशी तो भावोजींना भेटायला आला होता, कारण त्याचे तळे आटत चालले होते. शिंगाड्याचे वेल उन्हाळाभर तळ्यात थोडक्या पाण्यात जपून ठेवायचे आणि पाऊस पडला की तळेभर लावायचे, अशी रीत आहे. पाऊस यायच्या आधी वेल गेले तर वर्षाचे पीक गेले. घसीट्याचे आणि त्याच्या भावकीतल्या चार घरांचे वर्ष त्या तळ्याच्या उरलेल्या पाण्यावर तरंगत होते.

"फिकीर करू नको," भावोजी त्याला म्हणत होते. "बस, आठ दिवस." मग माझ्याकडे वळून त्यांनी अभिमानाने समजावले. तळ्याच्या वर डोंगरात जुन्या खाणीचा खड्डा आहे, बारमाही भरलेला. त्यातून तळ्यापर्यंत त्यांनी पाट खणून आणला आहे. फक्त तोंडाचा दगड फोडायचा राहिला आहे. येत्या गुरुवारी खुद्द सुभेसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे अंमलदार, येऊन नारळ फोडणार आणि पाणी सोडणार. "पाणी असं साफ, की तळ दिसतो. मी स्वतः पिऊन चुकलो आहे. एकदम गोड."

पागोट्याच्या टोकाने घसीटे पायाची धूळ झटकत राहिला.

मला तर लॉटरी लागल्यासारखे झाले. खाण, तळे, शिंपले, सगळे एका जागी, आणि वर भावोजींची सोय! मी म्हटले, मीही येते. अक्का म्हणाली, तू जाणार तर मीही येते, नाहीतर तू उपाशी मरशील.

तळे

दरबारची चिमुकली रेल्वे डोंगरातून अशी रमतगमत जाते की वाटेत उतरून बोरे तोडून परत चढावे. उतरल्यावर बैलगाडी. उन्हाचे काय सांगू? इथे त्याला 'लू' म्हणतात, आणि लू लागू नये म्हणून माणसे खिशात कांदा ठेवतात. भावोजींच्या कोटात एक, अक्काच्या ओच्यात एक. मी आधी हसले, मग मागून घेतला.

आमचा मुक्काम खात्याच्या चौकीत होता. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तळे तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी मधोमध आटून राहिलेले, भोवती भेगाळलेला चिखल, आणि पाण्यावर हिरव्या चकत्यांसारखी शिंगाड्याची पाने. मी लुगड्याचा कासोटा घट्ट केला, कॅनव्हासचे बूट घातले आणि उतरले. अर्ध्या तासात माझी बरणी भरली. झाकणवाल्या गोगलगायी, ज्या भ्यायल्या की कवचाला दार लावून घेतात. बिनझाकणाच्या, चकलीसारख्या वळलेल्या. आणि चिखलात उभे रुतलेले शिंपले, पायाला लागले की फटकन मिटणारे. घसीटे कमरेभर पाण्यात उभा राहून मला एकेक काढून देत होता. कोणता शिंपला लहान आहे, ठेवून द्यायचा, कोणता म्हातारा आहे, घेऊन जायचा, हे त्याला हाताला कळते. मी त्याला त्यांची लॅटिन नावे सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "नाम तो लंबे हैं, बाईसाब."

खाण

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, खाण. वर चढून गेलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. गेरूसारख्या तांबड्या उभ्या भिंती आणि खाली निळेहिरवे, काचेसारखे पाणी. एक पान नाही, शेवाळ नाही, बेडूक नाही. इतके सुंदर पाणी मी कधी पाहिले नव्हते. आज वाटते, एवढे सुंदर दिसले तेव्हाच शंका यायला हवी होती.

काठावर पांढऱ्या शंखांचा खच पडला होता. मी आनंदाने ओरडलेच. "पाहा भावोजी, इथंही आहेत!" शेकडो कवचे, नखाएवढी, पांढरीफटक. ओच्यात भरून घेतली. मोजायचे औषध तर सांडलेले, मग मी ओंजळीत पाणी घेतले आणि प्यायले. गोड! नुसते गोड नाही, मधुर. भावोजींनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"मग प्रोफेसरीणबाई, लिहून देता का? सुभेसाहेबांना दाखवायला. शिकलेल्या माणसाचा कागद असला की वजन पडतं."

मी पडवीत बसून सुवाच्य अक्षरात लिहून दिले: 'खाणीचे पाणी प्रत्यक्ष तपासले. ते गोड व निर्दोष असून त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायी विपुल आढळतात.' खाली पूर्ण नाव, पदवीसकट. पदवी जरा मोठ्या अक्षरात आली.

घसीटे पायरीशी उभा होता. त्याने विचारले, "बाईसाब, घोंघा जिंदा मिलो?"

जिवंत गोगलगाय? मी आठवून पाहिले. जिवंत एकही मिळाली नव्हती. मी म्हटले, उन्हामुळे खोल गेल्या असतील.

"जा पानी में घोंघा नईं जियत," तो खाणीकडे हात करून म्हणाला. "बरसात में बह के आउत हैं, मर जात हैं. ढोर भी नईं पियत."

"ढोरं उताराला भितात," भावोजी आतून म्हणाले. मीही मान डोलावली. शास्त्र शिकवणाऱ्या बाईने, समोर एक माणूस उत्तर हातावर ठेवत असताना, मान डोलावली. हे लिहिताना मला आजही कानाला ऊन लागल्यासारखे वाटते.

दोन बालद्या

संध्याकाळी मी पडवीत दोन बालद्या ठेवल्या. एकीत तळ्याचे पाणी, दुसरीत खाणीचे, आणि दोन्हींत तळ्यातल्या दहा-दहा गोगलगायी, पाच झाकणवाल्या, पाच बिनझाकणाच्या. शंका होती म्हणून नाही. पुण्याला जिवंत न्यायच्या होत्या, त्या कोणत्या पाण्यात नीट राहतात ते पाहावे एवढेच.

बुधवारी सकाळी डोळे चोळत बाहेर आले आणि हाताला आली त्या बालदीतून तांब्या भरून चूळ भरली. भरली ती तशीच अंगणात फेकली. खारट! मागून कडवट! शी! मला वाटले रात्रीत कोणी मीठ टाकले. बालदीत पाहिले तर झाकणवाल्या पाचही जणी दार घट्ट लावून तळाशी. बिनझाकणाच्या तिघी पाण्याबाहेर पडून बालदीच्या कडेवर, पडवीच्या जमिनीवर, जीव घेऊन पळालेल्या. दोघी कवचातून अर्ध्या बाहेर, मऊ, हलवले तरी न हलणाऱ्या. शेजारच्या बालदीत सगळ्या मजेत फिरत होत्या.

मी अक्काला हाक मारली. "हे पाणी पिऊन बघ."

"अग, हे तर खारं आहे!"

"काल तर गोड होतं."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग अक्काचा हात सवयीने कमरेच्या डबीकडे गेला, आणि दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. आवळा खाऊन पाणी प्यायले की पाणी गोड लागते, हे दक्षिणेतल्या काय आणि इकडच्या काय, शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आम्ही तिथेच प्रयोग केला. आवळासुपारी चघळली, तेच पाणी प्यायलो, मधुर. खळखळून चुळा भरल्या, थोडे थांबलो, पुन्हा प्यायलो, खारट. भावोजींनी महिनोन्महिने हे पाणी चाखले ते गालात सुपारी ठेवून. मी चाखले तेही तसेच. अक्का पडवीत बसून पोट धरून हसू लागली. मलाही हसू फुटले आणि मग एकदम थांबले, कारण मला तो कागद आठवला. आणि त्या कागदाच्या जोरावर उद्या काय सुटणार होते तेही आठवले.

भावोजींना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत.

"तूच लिहून दिलंस ना? सही करून दिलीस!"

"चुकले, भावोजी."

"मी सुभेसाहेबांना वायदा करून चुकलो आहे. हार आले, नारळ आले, मांडव उभा आहे. आता सांगू काय, सुपारी खाल्ली होती?" ते पडवीत येरझारा घालू लागले. मग थांबले. "थोडंच सोडू. निम्मं तळ्याचं, निम्मं हे. मग?"

हा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर पाहता येत होते. दिवसभर मी दुसरे काहीच केले नाही. एका बरणीत निम्मेनिम्मे, एकीत एक भाग खाणीचे आणि तीन भाग तळ्याचे. निम्म्यात गोगलगायींनी दारे उघडलीच नाहीत. पावभागात दुपारपर्यंत काही जणी हळूहळू चालू लागल्या. भावोजींचा चेहरा जरा खुलला.

मी त्यांना समजावले. काकडीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे बाहेरचे पाणी खारे झाले की या जिवांच्या अंगातले पाणी सुटत जाते. झाकण असेल ती दार लावून थोडे दिवस काढते. शिंपलाही मिटून बसतो. पण किती दिवस? शिंगाड्याच्या कोवळ्या मुळांना तर मिटताही येत नाही.

"पण पावभागात तर चालतात ना?"

तेव्हा मी पितळेची ताटली पुढे केली. सकाळी तिच्यात तेच पावभाग पाणी ओतून उन्हात ठेवले होते. पाणी केव्हाच उडून गेले होते, आणि ताटलीभर पांढरा थर बसला होता. "तळंही असंच उन्हात पडलेलं आहे," मी म्हटले. "पाणी उडेल, तुम्ही पुन्हा सोडाल, पुन्हा उडेल. मीठ कुठं जाणार नाही."

भावोजींनी बोट फिरवून चाखले. या वेळी गालात काही नव्हते. पाट त्यांनी हौसेने खणला होता. कोणी सांगितले म्हणून नाही, घसीट्याचे तळे पाहवले नाही म्हणून. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होते आणि मला माझीच फार लाज वाटली.

"उद्या मी सांगतो साहेबांना," ते शेवटी म्हणाले.

"नाही. कागद माझा आहे, मी सांगते."

गुरुवार

सुभेसाहेब आले ते पांढऱ्या मिशांचे, भारदस्त, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका जुन्या मराठी घराण्यातले गृहस्थ. मांडवात बसले, हार घातला गेला, नारळ पुढे आला. मुलींच्या वर्गापुढे बोलणे वेगळे. मी उठले, म्हटले, "साहेब, नारळ फोडू नका. आधी हे पाणी प्या."

त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड असे केले की मागचा पट्टेवाला धावला. मग मी डबी पुढे केली. त्यांनी संशयाने सुपारी घेतली, चघळली, पुन्हा प्यायले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "वा! हे तर शरबत आहे!"

मग मी सगळे सांगितले. बालद्या दाखवल्या, ताटली दाखवली, माझा कागद त्यांच्यासमोर फाडला. सुभेसाहेब भावोजींकडे वळले.

"म्हणजे तुमच्या खात्यानं पाणी नाही तपासलं, सुपारी तपासली."

"जी, साहेब," भावोजी म्हणाले.

आणि सुभेसाहेब हसले. मिशा हलेपर्यंत हसले. मग त्यांनी बाकीचे सगळे मागे सारणारा प्रश्न विचारला. "ते झालं. पण तळ्याचं काय?"

मला फक्त 'नको' म्हणता येत होते. तेवढ्यात मांडवाच्या कडेला उन्हात उभा असलेला घसीटे एक पाऊल पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "हुकुम होय तो कहूं." सगळे वेल तळ्याच्या खोल कोपऱ्यात गोळा करायचे. कोपरा मातीचा बांध घालून तोडायचा. एवढ्याशा पाण्याला चौकीची बावडी पुरते. बावडीवर मोट लावली तर पावसापर्यंत वेल तगतात. फक्त बावडी सरकारी, तिला हात लावायची ढीमरांना मुभा नाही.

"बस एवढंच?" सुभेसाहेब म्हणाले. "लावा मोट."

नारळ अखेर फुटला, पण बावडीवर. त्याआधी तिचे पाणी मी, अक्का, भावोजी आणि सुभेसाहेब अशा चौघांनी खळखळून चुळा भरून चाखले. पाट फोडायला जमलेले मजूर टिकाव-फावडी घेऊन तळ्यात उतरले. सुभेसाहेब झाडाखाली बसून कैरीचे पन्हे पीत बांध पाहत राहिले आणि मध्येच भावोजींना म्हणाले, पाट बुजवू नका, त्याचे तोंड खाणीकडून काढून वरच्या ओढ्याकडे न्या, पावसाळ्यात उपयोगी पडेल. भावोजींच्या आवाजाला तेव्हा कुठे पुन्हा धार आली. दुपार टळायच्या आत त्यांनी सहा जणांना झापले.

दिवस कलताना मोट चालू झाली. चाकाची कुरकुर, बैलांच्या घंटा, आणि कोपऱ्यातल्या हिरव्या पानांखाली भळभळ येणारे पाणी. घसीटे गुडघाभर पाण्यात उभा राहून वेलींची मुळे नीट पसरवत होता. एकेक वेल उचलायचा, मुळे पाण्यात हलवून सोडवायचा, खाली ठेवायचा. मी काठावर बसले. म्हटले, घसीटे, तुम्ही सांगितलेत तेच खरे निघाले.

तो मान वर न करता म्हणाला, "हमने तीन बेर कई हती, बाईसाब. मिस्तरी से कई. पटवारी से कई. आपसे कई. आपकी एकई बेर में सुन लई."

त्याने तीनदा सांगून कोणी ऐकले नाही, माझे एकदाच ऐकले, तरी त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. मी बूट काढले आणि पाण्यात उतरून त्याच्या हातात वेल द्यायला लागले.

अहवाल

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी दफ्तरासाठी नवा कागद लिहायचा होता. त्यावर माझी सही हवी आणि भावोजींचीही. मी पडवीत बसून लिहिला. कोणत्या पाण्यात कोणत्या गोगलगायी किती वेळ तगल्या, शिंपले कसे मिटले, ताटलीत काय उरले, आवळ्याचे काय झाले, सगळे. या वेळी पदवी लिहिली नाही. प्राध्यापकांना पाठवायची नक्कलही हीच. पण सगळ्याच्या आधी, पहिल्या ओळीत लिहिले: 'या खाणीच्या पाण्यात गोगलगाय जगत नाही, हे घसीटे ढीमर यांनी तीन वेळा सांगितले होते, ते ऐकले गेले नाही.'

अक्काने वाचले आणि हळूच म्हणाली, "ही ओळ त्यांना नाही आवडायची ग. वर जाणारा कागद आहे."

"माहीत आहे," मी म्हटले.

भावोजी कोट चढवून आले. कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचून त्यांचे डोळे तिथेच थांबले. बाहेर मोट कुरकुरत होती. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली, कोणते वाक्य आधी म्हणायचे तेही ठरवले.

त्यांनी दौत ओढली, टाक बुडवला, आणि ओळीवर टेकवला. मला वाटले, खोडली. मी पुढे झाले.

त्यांनी फक्त एक शब्द खोडला होता. 'तीन' खोडून वर 'चार' लिहिले होते.

"माघात आला होता घरी," ते कागदाकडेच बघत म्हणाले. "अंगणात मी एकटाच होतो. मला सांगितलं, मी त्याला गप्प बसवलं. तुझ्याजवळ त्यानं माझं नाव घेतलं नाही, एवढंच."

मग त्यांनी खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत उभे राहिले.